बॅटरी मार जरा..

आमच्या गावच्या घरात पडवीत शिरलं की उजव्या हाताला एक खुंटी आहे. खुंटीला अण्णांची छत्री आणि शेजारच्या खिळ्याला दोन सेलची बॅटरी, हे चित्र मी कळायला लागल्यापासून बघतोय. विजेरी हा छान मराठी शब्द आहे, पण आमच्याकडे तो शाळेच्या पुस्तकातच राहिला. घरात ती बॅटरी, आत घालायचे ते सेल, आणि अंधारात कुणी ठेचकाळलं की "अरे, बॅटरी मार जरा!"

दोन वर्षांपूर्वी गणपतीला जाताना अण्णांसाठी नवी बॅटरी नेली. बोटभर जाड, तळहातात मावणारी, चार्जिंगची. खोक्यावर "१००० ल्युमेन" असं दणदणीत अक्षरांत छापलेलं. रात्री आम्ही सगळे खळ्यात उभे राहिलो आणि मी ती समोरच्या आंब्यावर मारली. अख्खा आंबा पानापानासकट उजळला. पोरं ओरडली, कुत्रं भुंकलं. अण्णा म्हणाले, "झकास आहे रे." मग तिला उलटसुलट करून बघत त्यांनी विचारलं, "संपत आली की सांगते का ही?"

मी म्हटलं, "अण्णा, चार्ज करत राहा, संपणारच नाही." प्रश्न मला कळलाच नव्हता.

पुढच्या जुलैत एका रात्री लाइट गेलेले असताना अण्णा वहाळापलीकडच्या वाडीतून घरी येत होते. मोबाइल नेहमीप्रमाणे घरीच. वाटेत बॅटरी गेली. पिवळी पडली नाही, मिणमिणली नाही. एका क्षणी लख्ख उजेड आणि दुसऱ्या क्षणी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. दिवस फुरश्यांचे. आमच्या रत्नागिरीकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. अण्णांनी शहाणपणा केला. बांधावरच्या एका दगडावर टेकले आणि पावसात तसेच बसून राहिले. साधारण अर्ध्या तासानं घरी पोचले.

दुसऱ्या दिवशी फोनवर तक्रार अशी काही केली नाही. एवढंच म्हणाले, "तुझी बॅटरी न सांगता गेली."

हे वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून हातातल्या बॅटरीचा उजेड आजवर कुठेकुठे अडला आणि कुणी तो पुढे ढकलला, याचा मागोवा घ्यायचं ठरवलं. वाचता वाचता आपली ती खिळ्यावरची जुनी बॅटरी मला पहिल्यांदा नीट कळली. म्हणून हा लेख. जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

आधी एक हिशोब सांगतो, मला स्वतःला धक्का बसला होता. दोन सेलच्या बॅटरीतला तो हरभऱ्याएवढा बल्ब अडीच व्होल्टवर जेमतेम पाऊण वॅट वीज खायचा. त्यातून निघणारा एकूण उजेड नवे सेल घातले तरी फार तर दहा ल्युमेन. आणि एक मेणबत्ती देते साधारण बारा! म्हणजे ज्या बॅटरीच्या जिवावर आमचे आजोबा रात्री-बेरात्री पाणंदीतून चालले, तिच्यात एका मेणबत्तीएवढाही उजेड नव्हता. फरक फक्त मागच्या चकचकीत वाटीचा. मेणबत्तीचा उजेड चारी दिशांना उधळतो, वाटी तोच गोळा करून एका दिशेला पाठवते. वाऱ्यानं विझत नाही आणि गवताला आग लावत नाही हे वर फुकट. कोकणात त्याआधी माडाच्या झावळीची चूड पेटवून चालायचे, तिच्यापुढे हा केवढा चमत्कार!

हा चमत्कार जन्मला न्यूयॉर्कमध्ये. १० जानेवारी १८९९ या दिवशी डेव्हिड मिसेल नावाच्या माणसाला अमेरिकेत हातात धरायच्या विजेच्या दिव्याचं पेटंट मिळालं. कागदाची नळी, आत एकामागे एक ठेवलेले तीन सेल, पुढे छोटा बल्ब आणि त्यामागे पितळेची वाटी. गंमत म्हणजे सव्वाशे वर्षं झाली तरी हा आराखडा बदललेला नाही. पेटंट ज्या कंपनीच्या नावावर झालं तिचा मालक कॉनरॅड ह्युबर्ट, रशियातून आलेला एक स्थलांतरित. त्यानं काही दिवे न्यूयॉर्कच्या पोलिसांना फुकट वाटले, त्यांना आवडले आणि जाहिरात झाली. पुढे याच धंद्यातून 'एव्हर रेडी' हे नाव निघालं.

पण त्या दिव्याला अमेरिकेत जे नाव पडलं त्यात त्याची पहिली मर्यादा दडली आहे. फ्लॅशलाइट! फ्लॅश म्हणजे चमक, लकाकी. इंग्रज लोक 'टॉर्च', म्हणजे मशाल, म्हणतात. अमेरिकनांचं नाव जास्त प्रामाणिक म्हणायला हवं, कारण तो दिवा सलग जळूच शकत नव्हता. सुरुवातीच्या दिव्यांना आजच्यासारखं सरकवून ठेवायचं बटणही नव्हतं. कडी दाबून धरायची, क्षणभर बघून घ्यायचं, सोडून द्यायची. सलग दाबून ठेवलं की उजेड झपाट्यानं उतरायचा, मग सेलला विश्रांती द्यायची की पुन्हा थोडा वेळ चालायचा.

हे असं का? त्यासाठी सेलच्या पोटात शिरावं लागेल. तुमच्यापैकी ज्यांनी लहानपणी संपलेला सेल दगडानं फोडून आतली काळी कांडी काढली आहे (आणि तिनं भिंतीवर स्टंप काढले आहेत!) त्यांना हे सोपं जाईल. मधली कांडी कार्बनची. तिच्याभोवतीची काळी भुकटी म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. बाहेरचं भांडं जस्ताचं, आणि मध्ये नवसागराचा ओलसर लगदा. फ्रान्सच्या जॉर्ज लक्लांशे यानं १८६६ साली बनवलेला सेल म्हणजे द्रवानं भरलेली काचेची बरणीच होती. १८८६ साली जर्मनीत कार्ल गास्नर यानं त्याच मालमसाल्याचा कोरडा, न सांडणारा सेल केला. तो झाला नसता तर बॅटरी खिशात आलीच नसती.

या सेलमध्ये जस्ताचं भांडं हेच जळण असतं. चूल स्वतःच लाकडाची असावी तसं. वीज काढत गेलं की जस्त विरघळत जातं. शेवटी भांड्याला भोक पडतं आणि सेल 'गळतो'. विसरून राहिलेल्या बॅटरीत जो पांढरा-हिरवा चिकट राडा सापडतो तो हाच. पण उजेडाच्या दृष्टीनं खरी अडचण वेगळी. वीज घेतली की आत निर्माण होणारा हायड्रोजन आणि इतर माल कांडीभोवती साचून वाट अडवतो. जितकी जास्त वीज मागाल तितका सेल आतल्या आत जास्त अडतो आणि व्होल्टेज पडतं. थांबलात की साचलेलं हळूहळू निवळतं, सेलला पुन्हा थोडा दम येतो.

थोडक्यात, पहिली पन्नास-साठ वर्षं बॅटरी किती उजळेल हे सेलच्या दमावर ठरायचं. मोठा बल्ब लावून उपयोग नव्हता, सेल तेवढी वीज एका दमात सोडूच शकत नव्हता.

आता आठवा, आपल्याकडे सेल उन्हात वाळत घालायचे! आमची आजी कौलांच्या कडेला, सांडग्यांच्या शेजारी, दोन लाल सेल ओळीनं मांडून ठेवायची. शहरातल्या एका आतेभावानं तिची यावरून बरीच चेष्टा केली होती. (दादा, वाचतोयस ना?) तर आजीचं बरोबर होतं. उन्हानं सेलमध्ये नवी वीज भरत नाही हे खरं. पण उष्णतेनं आतली रासायनिक हालचाल सोपी होते, विश्रांतीही मिळते, आणि मेल्यासारखा झालेला सेल अजून एखाद-दुसरी रात्र निभावून नेतो.

सेलनंतरची दुसरी अडवणूक बल्बातल्या तारेची. सुरुवातीच्या बल्बात कार्बनचा तंतू असायचा. तो फार तापवला तर झिजून जायचा, म्हणून लालसर-पिवळ्यावरच समाधान मानावं लागायचं. १९१०च्या सुमारास अमेरिकेत विल्यम कूलिज यानं टंगस्टन या ठिसूळ धातूची लवचीक तार ओढून दाखवली आणि बल्बांचं नशीब पालटलं. टंगस्टन सर्व धातूंत सर्वांत उशिरा वितळतो, ३४२२ अंश सेल्सिअसला. तार जितकी जास्त तापेल तितका उजेड पांढरा आणि विजेच्या मानानं जास्त. पण वितळण्याच्या जवळ जावं तसं तारेचं आयुष्य कोसळत जातं. व्होल्टेज दहा टक्के वाढवलं तर उजेड सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढतो आणि बल्बाचं आयुष्य मात्र पाव-तृतीयांशावर येतं.

हा नियम मी वयाच्या दहाव्या वर्षी स्वतः शोधून काढला होता! काकांची तीन सेलची बॅटरी होती, लांबलचक, पोलिसांकडे असते तशी. तिचा बल्ब उडाला होता. मी आमच्या दोन सेलच्या बॅटरीच्या बुडाच्या झाकणात ठेवलेला जादा बल्ब काढला आणि तिच्यात बसवला. काय उजेड पडला म्हणून सांगू! निळसर पांढरा, आयुष्यात बघितला नव्हता असा. समोरच्या डोंगरावरचं देऊळ दिसेल असं वाटलं. दोन-तीन मिनिटं मी राजा होतो. मग 'टिक्' असा बारीक आवाज झाला. त्यानंतरचा आवाज काकांच्या हाताचा. पुढचे पंधरा दिवस घरात जादा बल्ब नव्हता, कारण बाजार आठवड्यातून एकदा आणि तिथे बल्ब मिळेलच असं नाही.

पण याच तारेच्या नियमाची दुसरी बाजू मला परवापर्यंत सुचली नव्हती. व्होल्टेज वाढलं की उजेड भराभर वाढतो, तसाच व्होल्टेज पडलं की भराभर घटतो. सेल वीस टक्के उतरले की उजेड निम्म्याच्याही खाली येतो, आणि तार थंड होते म्हणून रंगही बदलतो. आधी पांढरट, मग पिवळा, मग नारिंगी, शेवटी बल्बात नुसता लाल केस दिसतो. म्हणजे जुनी बॅटरी सतत आपल्या तब्येतीची खबर देत असायची, तीही रंगात. अण्णा संध्याकाळी ती एकदा भिंतीवर मारून बघायचे आणि सांगायचे, "आज वाडीपर्यंत चालेल, बाजारापर्यंत नाही." मला वाटायचं हा अनुभव. होताच, पण त्यांना वाचायला बॅटरी काहीतरी लिहूनही देत होती.

इथे आपल्या देशातल्या बॅटरीबद्दल थोडं सांगायला हवं. एव्हर रेडी पुढे अमेरिकेतल्या नॅशनल कार्बनकडे गेली आणि नॅशनल कार्बन १९१७ साली युनियन कार्बाइडमध्ये. भारतात या मंडळींची कंपनी १९३४ साली सुरू झाली. कलकत्त्याला सेल बनू लागले, १९५८ साली लखनौला टॉर्चचा कारखाना निघाला. अलाहाबादची 'जीप' टॉर्चही घरोघर होती. आजी कौलावर मांडायची ते लाल सेल, नऊच्या आकड्यातून उडी मारणाऱ्या मांजराचे, म्हणजे युनियन कार्बाइडचे. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला ज्या कंपनीच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तीच ही. १९९४ साली अमेरिकन कंपनीनं आपला हिस्सा विकला आणि पुढच्या वर्षी भारतातल्या कंपनीचं नाव एव्हरेडी इंडस्ट्रीज झालं. देशातल्या लाखो पडव्यांमध्ये लटकणारा विश्वासाचा उजेड आणि ती रात्र एकाच नावाखाली होती, हे मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. कळल्यावर त्या लाल रंगाकडे पूर्वीसारखं बघता येत नाही.

मधल्या काळात सेलचा दम वाढला. लुईस अरी नावाच्या एव्हरेडीच्याच शास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात अल्कलाइन सेल बनवला. साहेबाला पटवायला त्यानं म्हणे दोन खेळण्यातल्या मोटारी घेतल्या, एकीत जुना सेल, दुसरीत स्वतःचा, आणि कंपनीच्या कँटीनमध्ये शर्यत लावली. त्याची मोटार चालतच राहिली. बल्बात क्रिप्टॉन आला, हॅलोजन आला. तरी तारेचा मूळ स्वभाव तोच. नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेतच जायची. बल्ब म्हणजे थोडा उजेड देणारी शेगडी!

ही कोंडी फुटली जपानमध्ये. लाल आणि हिरवे एलईडी बऱ्याच वर्षांपासून होते, अडलं होतं निळ्यावर. नागोयाला इसामू अकासाकी आणि हिरोशी अमानो, आणि शिकोकू बेटावरच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा, यांनी चिकाटीनं तो निळा मिळवला. १९९३ साली नाकामुरांचा झगझगीत निळा एलईडी बाजारात आला. १९९६ साली त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या भुकटीचा थर चढवून पांढरा झाला. निळ्यात पिवळा मिसळून पांढरा कसा, असं वाटत असेल तर आपल्या आयांना विचारा. पिवळट पडलेल्या धोतराला त्या नीळ देतात ती याच हिशोबानं.

२००५च्या आसपास भारनियमनाच्या दिवसांत रस्तोरस्ती मिळणाऱ्या त्या स्वस्त बॅटऱ्या आठवतात? सात-आठ मणी लावल्यासारखे एलईडी आणि भुताटकीसारखा निळसर उजेड. त्यांत दोनऐवजी तीन बारके सेल का असायचे याचं उत्तरही मला आता मिळालं. पांढऱ्या एलईडीला पेटायलाच तीनेक व्होल्ट लागतात. दीड-दीडचे दोन सेल जरा उतरले की तिथवर पोचतच नाहीत.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट जुळून आली. १९९१ साली सोनीनं बाजारात आणलेला लिथियम-आयन सेल. आज बॅटरीत असतो तो नळीसारखा सेल पन्नास ग्रॅमच्या आतला, पण एका दमात भरपूर वीज सोडणारा. एलईडीला २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, लिथियम सेलला २०१९ साली रसायनशास्त्राचं. म्हणजे अण्णांना मी दिलेल्या त्या बोटभर नळीत दोन नोबेल पारितोषिकं होती. आणि तरी अण्णा दगडावर बसले होते.

सेलचा दम वाढला, तार तर गेलीच. मग आता उजेड कुठे अडतो?

एक म्हणजे उष्णतेपाशी. एलईडी तारेपेक्षा किती तरी काटकसरी असला तरी दहा वॅट घातले तर सहा-सात वॅटची उष्णता होतेच. तारेला उष्णता हवी असते, एलईडीला ती मारते. आणि तळहाताएवढी नळी शांत हवेत फार तर दोन-तीन वॅट उष्णता बाहेर टाकू शकते. बाकीची जाते धरणाऱ्याच्या हातात. आपलं रक्त ती वाहून नेतं, म्हणजे आपला हातच तिचा रेडिएटर! चटका बसू नये म्हणून आतलं सर्किट दोन-तीन मिनिटांत उजेड गुपचूप खाली आणतं. खोक्यावरचा आकडा आधीचा असतो. २००९ साली अमेरिकेत या मोजमापाचं एक प्रमाण ठरलं. त्यानुसार ल्युमेनचा आकडा बॅटरी लावल्यावर अर्ध्या ते दोन मिनिटांच्या आत मोजायचा. आणि 'इतके तास चालते' म्हणजे त्या सुरुवातीच्या उजेडाचा एक दशांश उरेपर्यंत. म्हणजे लग्नातल्या फोटोवरून माणूस पुढची तीस वर्षं कसा दिसेल ते सांगण्यासारखं.

दुसरी अडवणूक साध्या बेरजेची. त्या सेलमध्ये वीज साठते साधारण बारा वॅट-तास. हजार ल्युमेनला दहा वॅट लागले तर सव्वा तासात खेळ खलास. उद्या अगदी आदर्श एलईडी बनला तरी एका वॅटमधून पांढरा उजेड तीनशे-साडेतीनशे ल्युमेनच्या फार पुढे जाऊ शकत नाही, कारण आपल्या डोळ्याला सर्वांत जास्त दिसणाऱ्या हिरव्या प्रकाशाचीच कमाल ६८३ आहे. म्हणजे निसर्गानं घातलेल्या कुंपणापर्यंत गेलो तरी हा सेल हजार ल्युमेन चार तासांच्या आसपासच देईल. रात्रभर नाही.

तिसरी वाटीची. कोणताही आरसा किंवा भिंग दिव्याच्या मूळ पृष्ठभागापेक्षा प्रखर उजेड बनवू शकत नाही. लांबून बघणाऱ्याला फार तर अख्खी वाटी त्या दिव्याइतकी तेजस्वी दिसेल. म्हणून झोत लांब न्यायचा तर वाटी रुंद हवी, आणि बारीक नळीत रुंद वाटी मावत नाही. शिवाय अंतर दुप्पट केलं की उजेड चौपट लागतो. हजार ल्युमेन म्हणजे जुन्या बॅटरीच्या शंभर पट, पण शंभर पट लांबचं दिसणार नाही. तसाच झोत असेल तर दहा पट.

आणि शेवटची अडवणूक आपल्या डोळ्याची. एखादा उजेड दुप्पट 'वाटायला' तो खरोखरीचा साधारण आठपट करावा लागतो. शंभर पट केला तर डोळ्याला साडेचार-पाच पट वाटतो. उलट त्या झगमगाटाची किंमत पुरेपूर मोजावी लागते. अंधारात बघण्यासाठी डोळ्यात जे द्रव्य जमतं ते प्रखर उजेडानं धुऊन जातं आणि पुन्हा जमायला वीस ते तीस मिनिटं लागतात.

अण्णा दगडावर किती वेळ बसले होते? साधारण अर्धा तास. मी नंतर त्यांना मुद्दाम विचारलं, की मग घरी आलात कसे? म्हणाले, "थोड्या वेळानं बांध दिसायला लागला रे. ढगातही थोडा उजेड असतो. चपला आपटत आपटत आलो." मेणबत्तीएवढ्या पिवळ्या बॅटरीनं डोळ्यांतला अंधार कधीच इतका पुसून टाकला नव्हता. ती विझली तरी माणूस पार आंधळा होत नसे. आणि विझायच्या आधी ती दोन-चार दिवस सांगत राहायची.

माझ्या भेटीचा दोष हाच होता. उजेड एकसारखा राहावा म्हणून आतलं सर्किट सेल पार उतरेपर्यंत त्याला खेचत राहतं. लिथियमचा सेल ठरावीक मर्यादेखाली गेला तर खराब होतो, म्हणून तिथे पोचलं की वीज एकदम तोडतं. कारागिरी म्हणून उत्तम आहे. जुन्या बॅटरीची मर्यादा तोंडावर दिसायची, नवीची मर्यादा हुशारीनं झाकलेली आहे. आम्ही शहरातली माणसं आकडा बघून विकत घेतो, आणि अण्णांनी पहिल्याच रात्री नेमका तोच प्रश्न विचारला होता जो खोक्यावर छापलेला नव्हता.

या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा दुसरी, चार्ज दाखवणारा बारीक हिरवा-लाल दिवा असलेली बॅटरी घेऊन जाणार होतो. अण्णा नको म्हणाले. "आहे ती बरी आहे. कळली आता मला." त्यांनी तिचा सगळ्यात मंद टप्पा शोधून काढला होता आणि ते तेवढाच वापरतात. मी खोक्यावर बघितलं. तो टप्पा दहा ल्युमेनचा आहे. हजाराचा उजेड ते फक्त पाहुण्यांना आंबा दाखवायला लावतात.

पडवीतल्या खिळ्याला आता दोन्ही बॅटऱ्या आहेत. आणि शेजारच्या कालनिर्णयवर दर दहा-बारा दिवसांनी, एकादशी-चतुर्थीच्या मधल्या रिकाम्या चौकटीत, अण्णांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, "बॅ. चा. केली."